एकशे चौदा करकोचे

२९ जानेवारी १९३६, बुधवार. वसंत पंचमी

आज नवी वही काढली. बत्तीस वर्षे मेहकरच्या शाळेत दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, पेन्शन होऊन तीन वर्षे झाली, आता एक वही स्वतःची लिहावी म्हणतो. पंचमीपासून उन्हे तापेपर्यंत आपल्या मळ्यावर कोणते पाखरू केव्हा आले, केव्हा गेले, कोणत्या जनावराने कुठे तोंड घातले, ते रोजच्या रोज टिपायचे. पाखरे मला लहानपणापासून ओळखता येतात. गावात अजूनही कुणाला पीस सापडले की ते माझ्याकडे घेऊन येतात.

मळा उंद्रीपासून कोसभर आहे. विहीर, तीन आंबे, बांधावर पळस, पलीकडे पडीक माळ. यंदा अर्ध्यात हरभरा, अर्ध्यात गहू. घरात मी आणि सून वच्छला. मुलाची आई जाऊन चार वर्षे झाली. मुलगा नारायण नांदुऱ्याला अडत दुकानात कारकून आहे, पंधरा दिवसांनी येतो. लग्नाला नऊ महिने झाले, पण मी मळ्यावर एकटा नको म्हणून त्याने बायकोला इथे ठेवले. मी गरज नाही असे सांगितले होते. तिला इथे बरे वाटत असावे, कारण तक्रार कधी ऐकली नाही. तशी ती काहीच बोलत नाही. रीतीप्रमाणे पदर नाकापर्यंत, आणि विचारले तर नुसती मान हलवते.

आज दिसलेली पाखरे: चिमण्या, साळुंक्या, विहिरीच्या थारोळ्यापाशी धोबी पक्षी एक किंवा दोन. यंदा पाखरे कमी आहेत. धुकेही विलक्षण, दहा वाजले तरी हटत नाही. संध्याकाळी पंचमीच्या चंद्राच्या दोन कोरी दिसल्या, एकीला चिकटून दुसरी. चष्म्याला तेल लागले असावे. पुसला, पण फरक नाही. मेहकरच्या बाजारातला चष्मा, त्याच्याकडून आणखी काय अपेक्षा करायची.

१ फेब्रुवारी

सकाळी करकोच्यांचा आवाज आला. थंडी सरत आली की हे थवे उत्तरेकडे जाऊ लागतात. अंगणात उभा राहून वर पाहिले, पण फार उंचावरून गेले, दिसले नाहीत. वहीत 'थवा मोठा, संख्या अंदाजे' असे लिहीत होतो तोच मागून आवाज आला.

"एकशे चौदा होते, मामंजी."

मी वळून पाहिले. वच्छला जात्यापाशी बसली होती. नऊ महिन्यांत तिचा हा पहिला शब्द. तिचे तिलाच नवल वाटले असावे, कारण लगेच दळायला लागली. मी विचारले, "इतके उंच उडणारे तू मोजलेस कसे?"

"माहे बाबा रेल्वेत पॉइंटमन हायेत. आम्ही पोरी मालगाडीचे डबे मोजत होतो. धावती गाडी मोजता येते, मंग हे तं हळूच जाऊन राह्यले होते."

सासऱ्यासमोर इतके बोलणे बरे नव्हे. तरी संख्या लिहून ठेवली.

५ फेब्रुवारी

मोटेच्या चाकावर नीळकंठ येऊन बसला. शुभ पक्षी म्हणून वच्छलेला दाखवला. ती हळूच म्हणाली, "तो होला हाये, मामंजी." मी तिला ऐकवले की पाखरांच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. शेजारच्या शेतातला मेहबूब तेव्हा मोटेवर होता. तो आणि मी उंद्रीच्या शाळेत एका पाटावर बसलेलो. त्याला विचारले. तो चाकाकडे पाहून, मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुम्ही म्हनता तं नीळकंठच असंल, मास्तर." त्याच्या बोलण्यात हसू होते की काय ते कळले नाही.

९ फेब्रुवारी

काळविटांच्या कळपाने माळाकडच्या हरभऱ्याचा पट्टाच्या पट्टा खाल्ला. मेहबूब म्हणतो वीसेक होती. ठासणीची बंदूक काढून तेल दिले. परवाना पिकाच्या राखणीचाच आहे आणि नेम माझा अजून चांगला आहे. मेहबूब बराच वेळ घुटमळत राहिला. शेवटी म्हणाला, "बंदूक काही दिवस माह्यापाशी राहू द्या. राखन मी करतो दोन्ही शेताची." मी म्हटले, परवाना माझ्या नावावर आहे, तुझ्याकडे सापडली तर दोघेही आत जाऊ. म्हातारपणी माणसे भित्री होतात.

११ फेब्रुवारी

आज बार काढला. दिवस बुडता बुडता हरभऱ्यात मधोमध लालसर तपकिरी पाठ दिसली. मादी असावी, खाली वाकून खात होती. ऐंशी पावलांवरून छर्रा उडवला. जनावर एकदम खाली बसले, मग वाकूनच बांधाच्या बाजूला सरकत गेले आणि दिसेनासे झाले. लागले की नाही सांगता येत नाही. मी पुढे जाणार तोच मेहबूब ओरडत धावत आला आणि मला हाताला धरून घराकडे वळवले. "घरात बसा मास्तर. मी पाहतो."

वच्छला घरी नव्हती. बऱ्याच वेळाने मेहबूबची बायको सरवरी तिला घेऊन आली. हरभऱ्याची भाजी खुडायला गेली होती, येताना बाभळीच्या कुंपणावर पडली म्हणे. उजवा दंड फडक्याने बांधलेला. सरवरीने आमच्याच चुलीवर भाकरी केल्या आणि दोन दिवस तीच येणार आहे. पोरींनी पायाखाली पाहून चालावे, एवढे मी सांगितले. सरवरी माझ्याकडे पाठ करून भांडी घासत होती. ती एरवी फार बोलते, आज एक अक्षर बोलली नाही.

बारानंतर तितरांचे ओरडणे बराच वेळ बंद होते.

१४ फेब्रुवारी

बंदुकीच्या दारूचे शिंग सापडत नाही. खुंटीवर असते. वच्छलेला विचारले तर म्हणाली, उंदरांनी ओढले असंल. उंदीर दारू खात नाहीत हे तिला सांगितले.

ती अजून डाव्या हाताने कामे करते. पाणी सांडले म्हणून मी रागावलो.

पण एक नवीनच. आज सकाळी माझ्या बाजेपासून दोन हातांवर येऊन बसली. पदर होता, पण कपाळापर्यंतच. म्हणाली, "मामंजी, मी सांगू का काय काय दिसून राह्यलं? तुम्ही नावं सांगा. मले नावं शिकाची हायेत." पोरीला एकाएकी पाखरांची गोडी लागली. शिकवायचे म्हटले की माझ्यातला मास्तर जागा होतो. बसलो.

१८ फेब्रुवारी

मेहकर सोडल्यापासून इतकी चांगली सकाळ गेली नव्हती. पळस फुलला आहे. मला यंदा त्याचा रंग विटलेला वाटतो, पाऊस कमी झाल्याने असेल. वच्छला मात्र म्हणते विस्तव लागल्यासारखा लाल आहे. तिने सांगावे आणि मी ओळखावे असा खेळ तासभर चालला.

"मैनेएवढं हाये. अंग गुलाबी, डोकं न पंख काळे, डोक्यावर शेंडी. पन्नासेक असतील. एकमेकांले ढकलून राह्यले, फुलात तोंड घालून."

"भोरड्या. जवारी संपली की पळसावर येतात. परदेशी पाहुण्या आहेत."

"हे दुसरं. हिरवं, तारेवर बसते, उडते, हवेतच किडा धरते न पुन्हा तिथंच येऊन बसते. शेपटीत दोन काड्या."

"वेडा राघू."

"वेडा काऊन? जागेवर परत येते, म्हनजे शहाणाच म्हना."

मी हसलो. चौदा नावे झाली. न पाहता नुसत्या वर्णनावरून चौदाच्या चौदा ओळखली, एकही चुकली नाही. हे शाळेतल्या मुलांना करून दाखवायला हवे होते.

माळाच्या कडेला टिटवीने गोट्यांच्या खळग्यात चार अंडी घातली आहेत. वच्छलेने तिथे काठी रोवून वर चिंधी बांधली. मी म्हटले, चिंधी कशाला, मला जागा लक्षात आहे. ती म्हणाली, "गुरांसाठी."

विहिरीच्या कडेनेही तिने काटेरी फांद्या रचल्या आहेत. तेही गुरांसाठी.

२१ फेब्रुवारी. महाशिवरात्र

नारायण आला. दुपारी नवरा-बायको गोठ्याआड बोलत होती. नारायणचा आवाज चढलेला. "आजच सांगतो मी त्यांले," असे काहीसे ऐकू आले, आणि ती, "तुम्हाले माही शपथ." मग पोरगा बाहेर आला तो माझ्याशी नीट बोलेना. माझ्या लक्षात आले. वच्छलेला नांदुऱ्याला जायचे असणार आणि तो मला विचारायला कचरत असणार. तेव्हा मीच मोठ्या मनाने म्हटले, "हिला घेऊन जा. माझे काही अडत नाही."

नारायण एकदम म्हणाला, "हाव, नेतोच."

वच्छला चुलीपुढून म्हणाली, "मी येत नाही. पाखरं अर्धीच झाली."

मला बरे वाटले. शिकवलेले रुजले की मास्तराला आणखी काय हवे? नारायण फराळ अर्धा टाकून उठला.

२७ फेब्रुवारी

सकाळी उंद्रीहून दारू मागवून घेतली होती. उन्हे वर येत असताना गव्हाच्या कडेला काही हलताना दिसले. दोन मोठी जनावरे, रोही असावीत. बार ठासून निघालो. मेहबूब वाटेत आडवा उभा राहिला.

"मास्तर, बंदूक खाली ठेवा."

"बाजूला हो. रोही गव्हात शिरलेत."

"रोही नाईत ते. सरवरी हाये, न तुमची सून हाये. बांधावरचं गवत कापून राह्यल्या."

मी पुन्हा पाहिले. मला रोहीच दिसत होते.

मेहबूबने माझ्या तोंडापुढे हात धरला. "किती बोटं हायेत, सांगा."

मी म्हटले, उन्हाकडे तोंड आहे, कसे सांगू?

"ऊन तुमच्या पाठीवर हाये, मास्तर." त्याने माझ्या हातातून बंदूक काढून घेतली. मी दिली. मग तो खाली बांधावर बसला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "त्या दिवशी बी हरन नव्हतं. मी शपथ घेतली होती बोलनार नाई म्हनून. आज मोडली. अल्ला माफ करो."

याहून जास्त लिहवत नाही.

२ मार्च

तीन दिवस वही उघडली नाही.

आज सकाळी वच्छला नेहमीप्रमाणे येऊन बसली. पळसावर काय आले ते सांगू लागली. मी म्हटले, "थांब."

"किती छर्रे लागले?"

तिने दंडावर पदर ओढला. मग म्हणाली, "दोन. वरवरच होते. सरवरीबाईनं सुईनं काढले. हळद भरली. आता दुखत नाही."

"पाणी सांडले म्हणून मी रागावलो तुला."

"हाव."

"काऊन नाही सांगितलेस, पोरी?" माझ्या तोंडून आपोआप तिच्याच बोलीतले 'काऊन' निघाले.

तिने जमिनीवर काडीने रेघा ओढल्या असाव्यात, तसा आवाज येत होता. "माह्या आज्याले दिसेनासं झालं, मामंजी, तं घरच्यांनी पहिल्याच दिवशी त्याच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली, मंग काठी दिली, मंग खाटीवर बसवलं. हे करू नको, ते करू नको. चार महिन्यात गेला. आजार काहीच नव्हता. तुमच्याकडं वही होती. म्या म्हनलं, वही चालू राहू द्यावी. बंदुकीचं मी पाहीन."

"दारूचे शिंग?"

"विहिरीत टाकलं."

धुके, तेलकट काच, विटलेला पळस. सगळ्यांनाच माहीत होते. मागची पाने वच्छलेकडून वाचून घेतली. ती वाचताना कुठेही हसली नाही. पाने खराब आहेत म्हणते, ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. बऱ्याच ठिकाणी तिलाच लावता आले नाही.

५ मार्च

उंद्रीच्या बाजारात सुईवाला आला आहे. डोळ्यात सुई घालून मोतीबिंदू बाजूला सारतो, तासाभरात दिसू लागते असे सांगतो. गावातल्या दोघांना त्याने दिसते केले म्हणे. मी त्याला मळ्यावर बोलावले. आगगाडी, दवाखाना, परक्यांच्या हाती पडून राहणे, यापेक्षा घरच्या बाजेवर काय व्हायचे ते होऊन जाऊ दे असे वाटले. खरे लिहायचे तर मला दवाखान्याची भीती वाटते. मुलाची आई दवाखान्यात गेली ती परत आली नाही.

तो आला. पोतडी सोडू लागला. वच्छला मध्ये येऊन उभी राहिली.

"त्या दोघांले पुढच्या सालीबी दिसते का?"

तो म्हणाला, बाई, मी एका गावात दोनदा जात नाही.

"मंग अठीबी एकदाच आले असं समजा न जा."

परक्या पुरुषाशी, सासऱ्यासमोर, पदर खांद्यावर. मी तिला गप्प बसायला सांगणार होतो. नाही सांगितले. तो गेल्यावर ती म्हणाली, "अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात डोळ्याचा डॉक्टर हाये. आमच्या स्टेशनातल्या बाबूच्या आईचं तिथंच झालं. मी संगं येते. तुम्हाले भेव वाटते तं वाटू द्या."

मला भीती वाटते हे मी तिला सांगितले नव्हते.

१० मार्च. नांदुरा

बंदूक धुळवडीच्या आदल्या दिवशी चिखलीच्या ठाण्यात जमा केली. मेहबूब बरोबर होता. परत येताना मळ्याच्या वळणावर त्याने विचारले, "रागावले का मास्तर?" मी म्हटले, "तू पंधरा दिवस आधी शपथ मोडली असतीस तर बरे झाले असते." तो म्हणाला, "सून तुमची लय कडक हाये."

आज मोटारने खामगाव आणि पुढे नांदुऱ्याला आलो. नारायणची खोली प्रथमच पाहिली. पाहिली म्हणजे हातांनी. एका भिंतीपासून चार पावलांवर दुसरी भिंत. फळीवर दोन ताटल्या, दोन पेले. कोपऱ्यात चूल लागली, हात फिरवला तर राख नाही, काजळी नाही, कोरी माती.

"ही चूल केव्हाची?"

नारायण म्हणाला, "दिवाळीत घातली. वच्छला आली की लागंल म्हनून. मी खानावळीत जेवतो."

मी चुलीपाशीच बसून राहिलो. पोराने मला कधीही एका शब्दाने सांगितले नाही की बाबा, माझा संसार तुमच्या मळ्यावर अडकला आहे. मी समजत होतो की सुनेला माझ्याकडे बरे वाटते. वाटतही असेल. पण मी विचारले कुठे होते?

वच्छलेने आज त्या चुलीवर पहिला स्वयंपाक केला. तिघे जेवलो. ताटल्या दोनच, म्हणून ती मागून जेवली.

१७ मार्च. अकोला, दवाखाना

मामंजी सांगतात तसं लिहून राह्यली आहे. मी वच्छला. माझी तिसरी झाली आहे, शुद्धलेखन पाहू नये.

मामंजी म्हणतात लिही: शुक्रवारी उजव्या डोळ्यातला मोती काढला. दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे. डोक्याच्या दोन्ही बाजूला वाळूच्या पिशव्या ठेवल्या आहेत, मान हलवायची नाही. खिडकीबाहेर निंब आहे. आवाजावरून तांबट, चिमण्या, एक कोकिळ, अजून गळा नीट न बसलेला. खाटेखाली मांजर येते.

हे मामंजीचं झालं. आता ते झोपले आहेत म्हणून मी माझं लिहिते. ऑपरेशनच्या वेळेस डॉक्टरनं मला बाहेर काढलं तर मामंजी म्हणाले, मुलगी आहे माझी, राहू द्या. डॉक्टरनं तरी काढलंच. पण ते म्हणाले.

मला त्या दिवशीचं रोज आठवते. छर्रा लागला तेव्हा मला पहिले वाटलं की मधमाशी चावली. मग मामंजी दिसले, बंदूक धरून, माझ्याकडेच पाहत होते आणि त्यांना मी दिसत नव्हती. दंडापेक्षा त्याचं जास्त भेव वाटलं. मला राग पण आला होता. चार दिवस खूप राग होता. ते पाणी सांडल्यावर बोलले तेव्हा तर मी गोठ्यात जाऊन रडली. हे मामंजीनं वाचलं तर वाचू दे. खरं आहे.

२४ मार्च. पाडवा

वच्छलाच्या हाताने. मामंजी म्हणतात लिही: आज पट्टी सोडली. डॉक्टरने बोटे दाखवली, तीन होती, तीन सांगितली. सगळे पाण्याखालून दिसते तसे दिसते, जाड चष्मा आल्यावर स्पष्ट होईल. पण रंग आले. खिडकीबाहेर निळे काय आहे असे मी विचारले. ते आभाळ होते.

(मग आम्ही गुळ-खोबरं खाल्लं.)

१४ एप्रिल. मळा

चष्मा आला. बाटलीच्या बुडासारखी काच आहे. नाकावर ओझे होते, पण माझ्या हाताने लिहितो आहे आणि ओळ सरळ आहे.

सर्वांत आधी मागची पाने वाचली. अकोल्याला वच्छलेने लिहिलेले पान दोनदा वाचले. मग बाहेर गेलो. आंब्यावर तांबट बसला होता, त्याच्या कपाळावरचा लाल टिळा, चोचीभोवतीच्या मिशा, सगळे दिसले. पण फार वेळ पाहिले नाही.

वच्छला चहा घेऊन आली. तिचा चेहरा मी प्रथमच नीट पाहिला. हनुवटीवर गोंदण आहे, समोरचा एक दात किंचित पुढे आहे. मी समजत होतो त्यापेक्षा फार लहान आहे, एकोणीस-वीसची. मी म्हटले, "दंड दाखव." ती नको म्हणाली. मी बसून राहिलो. मग तिने बाही वर केली. दोन डाग, जवारीच्या दाण्याएवढे, एकाच्या कडेला कातडी ओढलेली.

माफी मागण्याचे शब्द मला येत नाहीत. मुलांना मागायला लावली, स्वतः कधी मागितली नाही. मी तिच्या पायांकडे वाकलो, तर ती दोन पावले मागे सरकली आणि म्हणाली, "असं नका करू, मामंजी. मले पाप लागंल." मी म्हटले, "मग काय करू ते तू सांग."

तिने बाही खाली ओढली. मग म्हणाली, "मले नांदुऱ्याले जायचं हाये."

एवढी साधी गोष्ट, आणि ती सांगायला तिला इतके दिवस लागले. मी म्हटले, "उद्याच नारायणला पत्र टाकतो."

"तुमच्या भाकरीचं?"

"सरवरी घालील दोन भाकरी. नाही तर मी शिकेन. एक डोळा पुरतो तव्याला."

१७ एप्रिल

नारायण येऊन तिला घेऊन गेला. गाडीत बसताना तिने मला सतरा गोष्टी सांगितल्या. थेंब कोणते, केव्हा घालायचे, चष्मा कशावर ठेवायचा नाही, वाकून जड उचलायचे नाही. मी हो हो म्हणत राहिलो. गाडी वळली तेव्हा लक्षात आले की तिला एक शब्दही बोललो नाही.

घर फार शांत आहे. सरवरी भाकरी ठेवून गेली आणि आज तासभर बोलत बसली. मला ते आवडले.

२२ एप्रिल

नांदुऱ्याहून कार्ड आले. अक्षर मोठे, ओळी खाली घसरलेल्या. उतरवून ठेवतो:

'मामंजीस वच्छलाचा शिरसाष्टांग. इकडे सगळे बरे. चूल धूर करते, बाकी चांगली आहे. इथल्या स्टेशनात केबिनपाशी सिग्नलचा खांब आहे, त्याच्या डोक्यावरच्या पोकळीत एका पाखराने घर केले आहे. चिमणीहून बारीक. पाठ राखी, पोट मळकट पांढरे, डोळ्यातून मागे काळी रेघ. शेपटी हलवत नाही. दोनदा तुटक बोलते, मग थांबते. सिग्नल पडला की उडते, उठला की परत येते. नाव कळवावे.'

सकाळपासून विचार करतो आहे. शिंपी नव्हे, तो राखी नसतो. खाटीक म्हणावा तर तो मोठा, आणि पोकळीत घर करत नाही. धोबी शेपटी हलवल्याशिवाय राहणार नाही. राखी वटवट्या इतक्या उंचीवर घर बांधत नाही. दुपारी मेहबूबला कार्ड वाचून दाखवले. तो म्हणाला, "द्या काही बी नाव ठोकून, मास्तर. तिकडं कोन तपासनार हाये?" पूर्वी मी तेच केले असते.

संध्याकाळी उत्तर लिहिले आणि मेहबूबच्या हाती पोस्टात दिले.

'चि. सौ. वच्छलेस अनेक आशीर्वाद. वर्णन उत्तम आहे, तरी नाव मला माहीत नाही. शुक्रवारच्या मोटारने पाहायला येतो. तिसरी ताटली मी आणतो.'